कळ केव्हा कळते

मेकॅनिकल कळफलकात प्रत्येक कळेखाली स्वतंत्र स्विच असतो: प्लॅस्टिकच्या छोट्या पेटीत, म्हणजे हाउसिंगमध्ये, एक स्प्रिंग, खालीवर सरकणारा दांडा किंवा स्टेम, आणि धातूच्या दोन पातळ पट्ट्या. जर्मनीतील चेरी कंपनीच्या एमएक्स मालिकेत, जिच्या धर्तीवर आज बाजारातील कितीतरी स्विच घडवले जातात, स्टेमचा एकूण प्रवास सुमारे 4 मिलिमीटरचा असून अक्षर मात्र निम्म्या वाटेवरच, पट्ट्या एकमेकींना टेकताच, नोंदले जाते. टंकलेखन यंत्रावर हात बसलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो, कारण तेथे खिळा कागदावर आपटेपर्यंत अक्षर उमटत नसे. स्विचमध्ये यंत्राला कळण्याचा क्षण आणि बोटाला कळण्याचा क्षण असे दोन क्षण निराळे झाले, व शौकिनांच्या वादांचे बरेचसे मूळ या दोहोंतील अंतरात सापडते.

लिनियर स्विच, म्हणजे ज्याच्या प्रवासात कोठेही अडथळा नाही असा, बोटाला वाटेत काहीच सांगत नाही. एमएक्स रेडला सुमारे 45 सेंटिन्यूटन, म्हणजे जवळपास 45 ग्रॅम वजनाइतका दाब लागतो, तर ब्लॅकला 60. एरवी दोघांचा स्वभाव एकच. खूण नसल्याने बोट तळापर्यंत जाते, आणि मग तळावरचा आवाज व वाटेतले घर्षण एवढेच अनुभवाला उरते. म्हणूनच हे शौकीन एकेक स्विच उघडून बारीक ब्रशाने क्रायटॉक्स 205जी0 सारखे घट्ट ग्रीस लावत बसतात. 87 कळांच्या कळफलकाला त्यात सहज एक संध्याकाळ जाते, आणि स्टेमवर ग्रीसचा पांढरा थर स्पष्ट दिसू लागला तर ते जास्त झाले असे खुशाल समजावे.

टॅक्टाइल स्विचमध्ये स्टेमच्या पायांवर उंचवटा असतो व तो पट्टीवरून घसरताना बोटाला हलकी ठेच जाणवते. एमएक्स ब्राउनची यथेच्छ टवाळी होते, परंतु त्याचा दोष ठेच सौम्य असण्यात नाही. ती घर्षणाच्या खरखरीहून फारशी मोठी नसल्याने बोटाला दोन्हींतला फरक करता येत नाही, हा आहे. येथे ग्रीस पायांना लागले तर उरलीसुरली ठेचही बोथट होते.

क्लिकी एमएक्स ब्लूचा स्टेम दोन भागांचा असतो. त्यातील सुटा भाग झटक्याने खाली पडतो तेव्हा टिक असा आवाज येतो आणि त्याच सुमारास पट्ट्याही जुळतात. मात्र परतीच्या वाटेवर कळ बरीच वर आल्याखेरीज स्विच पुन्हा सज्ज होत नाही, त्यामुळे एकच अक्षर झपाट्याने दोनदा दाबणाऱ्याची फसगत होते. आयबीएमच्या 1985 मधील मॉडेल एम कळफलकात हे द्वैतच नव्हते: दाबलेली स्प्रिंग एका बाजूला कोलमडून खालची छोटी हातोडी कलंडवी, व तोच आवाज, तीच ठेच आणि तीच नोंद. उलट जपानी टोप्रे स्विचमध्ये ठेच रबराच्या घुमटाची असते, तर नोंद त्याखालील शंकूच्या आकाराच्या स्प्रिंगमुळे बदलणाऱ्या विद्युतधारितेवरून होते. म्हणजे खूण एकाची आणि काम दुसऱ्याचे. तरीही त्याचे भक्त कमी नाहीत, आणि अंतराचा वरील सिद्धान्त येथे थोडा लंगडतो हे मान्य करावे लागते.

मराठी लिहिणाऱ्याला आणखी एक हिशेब करावा लागतो. इन्स्क्रिप्ट मांडणीत क साध्या कळेवर, तर ख त्याच कळेवर शिफ्टसह येतो. ग-घ, त-थ, द-ध यांचीही तीच गत, त्यामुळे शिफ्ट धरणाऱ्या करंगळीला इंग्रजीपेक्षा अधिक राबावे लागते. कळ या शब्दाचा दुसरा अर्थ तिला दिवसाअखेरीस कळतो. अशा वेळी सगळा कळफलक बदलण्याऐवजी केवळ दोन्ही शिफ्टखालच्या 60 च्या स्प्रिंगा काढून तेथे 45 च्या बसवल्या, तरी पुष्कळ फरक पडतो.