जैसलमेर ते दिब्रुगड किती किलोमीटर?

पर्जन्यमापक जिथे आहे तिथला पाऊस कळतो. डोकेदुखी मधल्या जागेची. पुण्यात माझ्याकडे प्रकल्पासाठी आलेली एक विद्यार्थिनी देशभरातल्या केंद्रांवरून क्रिगिंगने ती मधली जागा भरत होती. तिच्या व्हेरिओग्रामवर पावसाचं साम्य पूर्व-पश्चिम दिशेला लांबवर टिकत होतं, उत्तर-दक्षिण लवकर संपत होतं.

"सर, बंगालच्या उपसागरातली कमी दाबाची क्षेत्रं पश्चिम-वायव्येला सरकतात ना, त्यामुळे."

उत्तर इतकं चोख की तिथेच थांबावं. मी विचारलं, "अंतरं कशात मोजलीस?"

"अंशांत."

तिला जैसलमेर ते दिब्रुगड अंतर काढायला लावलं. रेखांशात फरक सुमारे 24 अंशांचा. अंशाला सरसकट 111 किलोमीटर धरले की 2660 होतात. पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलं तर 2370 च्या आसपास. रेखांशाचा एक अंश कन्याकुमारीला 110 किलोमीटरचा, लेहला जेमतेम 92 चा. अक्षांशाचा मात्र दोन्हीकडे जवळपास सारखाच. अंतरं किलोमीटरमध्ये घेतल्यावर दिशाभेद कमी झाला, पण गेला नाही. उरला त्याचं श्रेय खुशाल उपसागराला द्यावं.

मग प्रक्षेपण कोणतं? यूटीएमचे आपल्या देशावर सहा पट्टे पडतात. पुण्याचा 43 वा पट्टा आसामपर्यंत ताणला तर तिथलं प्रमाण 5 टक्क्यांनी बिघडतं. 12 आणि 35 अंशांच्या आसपासची प्रमाण अक्षवृत्तं घेतलेलं लॅम्बर्टचं शंक्वाकार प्रक्षेपण देशभर 2 टक्क्यांच्या आसपास राहतं. शिवाय एखाद्या ठिकाणी त्याची चूक सगळ्या दिशांना सारखीच असते, त्यामुळे खोटा दिशाभेद शिरत नाही. आम्ही तेच घेतलं. एकूण किती पाणी पडलं हे काढताना मात्र अल्बर्सचं समक्षेत्र प्रक्षेपण.

आशियाभर किंवा जगभर काम असेल तर मी प्रक्षेपणाच्या नादीच लागत नाही. सगळी अंतरं खरी ठेवणारा सपाट नकाशा होत नाही, हे गाउसने 1827 मध्येच दाखवून दिलंय. गोलाईवरची अंतरं थेट क्रिगिंगमध्ये घालावीत, तर गाउसचंच नाव लावलेलं मॉडेल गोलावर वैध राहत नाही. त्यापेक्षा प्रत्येक केंद्राचे एक्स, वाय, झेड काढून पृथ्वीच्या पोटातून सरळ अंतर घ्यावं. जैसलमेर-दिब्रुगडला त्याने पंधराएक किलोमीटरच कमी भरतात आणि कुठलंही नेहमीचं मॉडेल चालतं.

नकाशाखाली रंगांची पट्टी सगळेच छापतात. अंतरं कशी मोजली, हेही एका ओळीत छापत चला.