पाठीवरचं पाणी

पाण्याची सॅक सातारा जिल्ह्यात नको त्या टोकाला वापरली जाते. श्रावण-भाद्रपदात कासच्या पठारावर किंवा ठोसेघरच्या धबधब्याकडे निघालेल्या पोरांच्या पाठीला ती दिसते. खांद्यावरून छातीवर आलेली नळी, नळीच्या टोकाला दातांनी दाबायची रबरी बोंडी, आणि वरून धो धो पाऊस. तोंड वर करून चाललं तरी घसा ओला राहील अशा हवेत ही मंडळी दोन दोन लिटर पाणी वाहत असतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेच्या कडेला माणदेशातलं म्हसवड. तिथं पाचशेच्या आसपास पडला तरी वर्ष बरं गेलं म्हणायचं. ढग सह्याद्रीवर रिते होतात, माणदेशाच्या वाट्याला त्यांच्या मागचा वारा येतो.

चालायला मात्र या मुलखात काही कमी नाही. वारूगड आहे, महिमानगड आहे, शिखर शिंगणापूरचा डोंगर आहे. कुळकजाईच्या डोंगरात उगवून भीमेकडे निघालेल्या माणगंगेचं पात्र आहे. पावसाळा सरला की त्यातून मैलोन्‌मैल वाळूतनं चालता येतं. सातारा आणि सांगलीच्या हद्दीवर राजेवाडीचा तलाव आहे, इंग्रजी अमदानीत दुष्काळी काम म्हणून बांधलेला. आणि पायांना मजबूत माणसं तर या मातीत पिकतातच. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. तीन हजार मीटरच्या या शर्यतीत सात वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून उडी घ्यावी लागते. टँकरची वाट बघणाऱ्या तालुक्यातली मुलगी नेमक्या याच शर्यतीत जगात पुढे जावी, याला काय म्हणायचं!

तर मी ही सॅक इकडे वापरतो, उन्हाळ्यात. म्हसवडहून राजेवाडीच्या बाजूला डाळिंबाच्या बागांमधून चाललो होतो, तेव्हा बांधावरच्या एका आजोबांनी मला थांबवलं. "पावणं, कसली फवारणी करताय?" मला आधी कळेना. मग बघितलं तर त्यांच्या पाठीलाही पट्ट्यांनी बांधलेला पंप होता, खांद्याखालून पुढं आलेली नळी होती, हातात दांडी होती. त्यांचा पंप सोळा लिटरचा, माझी पिशवी दोन लिटरची. पाणी तोंडात फवारायचं आहे म्हटल्यावर ते मनापासून हसले. "म्हंजे आमी झाडाला पाजतोय आन्‌ तुमी सोत्ताला." पाठीवर पाणी घेऊन उन्हात चालणं या भागात रोजच्या कामातलं आहे. सोळा किलो पाणी, वर औषध, वर पंपाचं वजन, आणि त्यातला थेंबसुद्धा वाहणाऱ्याच्या घशाखाली जायचा नाही. त्यांचं पिण्याचं पाणी बांधावर लिंबाखाली, गोणपाट शिवून ओलं केलेल्या पाच लिटरच्या कॅनमध्ये. गोणपाटातलं पाणी उडून जाताना कॅनमधली उष्णता घेऊन जातं, म्हणून आतलं पाणी गार. माझ्या महागड्या पिशवीतलं तोवर पाठीच्या उबेनं कोमट झालेलं.

या पिशवीचं मूळही अशाच कडक उन्हातलं आहे. अमेरिकेत टेक्सासमध्ये विचिटा फॉल्स नावाच्या गावी ऑगस्टच्या उन्हाळ्यात शंभर मैलांची सायकल फेरी निघते. १९८० च्या दशकाच्या अखेरीला मायकेल आयड्सन नावाचा एक जण तिच्यात उतरला. तो रुग्णवाहिकेवर काम करणारा. त्यानं सलाइनची पिशवी पाण्यानं भरली, एका लांब पायमोज्यात कोंबली, सदऱ्याच्या पाठीला अडकवली आणि नळी खांद्यावरून पुढे घेऊन कपडे वाळत घालायच्या चिमट्यानं बंद केली. त्यातूनच पुढे कॅमलबॅक ही कंपनी उभी राहिली. दवाखान्यात नळीनं शिरेत जायचं ते तोंडात आलं, एवढाच काय तो शोध. पण हात हँडलवर ठेवून, न थांबता पिता यावं ही त्यामागची निकड खरी होती.

न थांबता पिणं ही तिची खुबी. घोट घोट पाणी पोटात जात राहतं, तहान लागण्याची वाट बघावी लागत नाही. कटकटीही आहेत. नळीत राहिलेलं पाणी उन्हानं तापतं, पहिला घोट चहाच्या आधणातला वाटतो; त्यावर उपाय म्हणजे पिऊन झालं की नळीत फुंकर मारून पाणी परत पिशवीत ढकलायचं. सरबत भरू नये, नळीत बुरशी धरते. घरी आल्यावर पिशवी उलटी टांगून कोरडी केली नाही तर पुढच्या वेळी प्लास्टिकच्या वासाबरोबर आणखीही वास येतात. पाणी किती उरलं ते चालताना दिसत नाही, हा सगळ्यात मोठा दोष. बाटली डोळ्यांसमोर असते. ही पाठीमागे असते, आणि संपते तेव्हा एकदम हवेचा आवाज करून संपते. शिवाय पाणी सहज मिळतं म्हणून नुसतं पाणीच ढोसत राहणंही बरं नाही. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी तेरा टक्क्यांच्या रक्तात सोडियम नेहमीच्या पातळीखाली उतरलेलं निघालं, आणि शर्यतीत वजन वाढण्याइतकं पाणी पिणाऱ्यांत हे प्रमाण जास्त होतं. माणदेशी माणूस भाकरीबरोबर खारट ठेचा आणि वर मीठ घातलेलं ताक घेतो, त्याला हे कुणी शिकवावं लागलं नाही.

माणसानं स्वतःसाठी नाही तर दुसऱ्यासाठी पाणी वाहून नेण्याचा माण तालुक्यातला सोहळा म्हणजे शिंगणापूरची चैत्रातली यात्रा. लांबून कावडी येतात, सासवडहून कऱ्हेचं पाणी घेऊन भुतोजीबुवा तेल्याची मानाची कावड येते. ऐन चैत्राच्या उन्हात ती मुंगी घाटानं वर चढवतात. घाट म्हणजे नीट वाट नाहीच; खडकांवर माणसांची साखळी, खालचा वर देतो, वरचा ओढून घेतो, आणि सगळे मिळून महादेवाला 'म्हाद्या' अशी एकेरी हाक मारत राहतात. घसे सुकलेले, ओठ फुटलेले, खांद्याला पाण्यानं भरलेली कावड, आणि ते पाणी कुणी पीत नाही. ते देवाचं. हायड्रेशनच्या कुठल्याही तज्ज्ञाला हे दृश्य दाखवलं तर तो डोक्याला हात लावेल. मला मात्र तिथं माझ्या नळीतून घोट घेताना संकोच वाटला, आणि मी तो घेतलाही.

ही पिशवी माणदेशात एका बाबतीत अगदी परकी पडते. ती एकट्याची आहे. आपल्याकडे तांब्या वर धरून धार तोंडात सोडतात, ओठ लागू देत नाहीत, म्हणून एकाच तांब्यावर दहा जण पितात. जुन्या प्रवासातला फिरकीचा तांब्याही असाच डब्यातल्या अनोळखी माणसापुढे करता यायचा. ही बोंडी दातात धरूनच प्यावी लागते. एकदा तोंडाला लागली की उष्टी. सोबतच्या तहानलेल्या माणसाला ती देताही येत नाही आणि त्याला मागताही येत नाही.

म्हणून ती सोडून द्यावी, असं मला एके काळी वाटे. वाटेत वस्ती लागली की पाणी मागावं, ओट्यावर टेकावं, चार शब्द व्हावेत, हीच चालण्याची रीत. पण टंचाईच्या दिवसांत टँकरचं पाणी खेड्यात माणशी दिवसाला वीस लिटर या हिशेबानं येतं. पिणं, रांधणं, धुणं, अंघोळ सगळं त्यात. हौसेनं हिंडायला आलेल्या माणसानं दोन लिटर मागून घेतले तर तो कुणाच्या तरी दिवसाचा दहावा हिस्सा झाला. मोठ्या जनावराला उन्हाळ्यात चाळीस-पन्नास लिटर लागतात. २०१२-१३ च्या दुष्काळात म्हसवडला माणदेशी फाउंडेशनची चारा छावणी उभी राहिली, तेव्हा माणसं जनावरांबरोबर तिथं राहायला आली, ती चाऱ्याइतकीच या पाण्यासाठी. आता उरमोडी धरणाचं पाणी माणमध्ये आणि टेंभू योजनेचं शेजारच्या आटपाडीत आलं आहे. काही शिवारांत चक्क ऊस दिसतो, तो बघून मला आनंद होतो आणि धडकीही भरते. पण कालव्यापासून वर, डोंगराच्या कुशीतल्या वस्त्यांवर उन्हाळा अजून जुनाच आहे. तिथं आपलं पाणी आपण नेणं हे शिष्टपण नव्हे, रीतच.

आता हे वस्तीवरच्या आजीला कोण पटवणार? "माझ्याकडं आहे की आजी," म्हणून मी पाठ दाखवली. तिनं तांब्या मागं घेतला नाही. "ते ऱ्हाऊ दे पाठीला. दारात आलायस, हे पी." प्यालो. गार होतं, माठातलं, वाळ्याची काडी टाकलेलं. परतीच्या वाटेवर पिशवीत लिटरभर उरलं होतं, ते तरी तिच्या माठात भर घालावं म्हणून पुढं केलं. तिनं बोंडी निरखून बघितली, पिशवीचं तोंड उघडून हुंगलं आणि नाक मुरडलं. "वास मारतंय बाबा, मानसानं कसं प्यायचं ह्ये? कोंबड्यास्नी वतते," म्हणाली, आणि सगळं पाणी, अगदी नळीतलंसुद्धा झटकून, दगडी पाळ्यात रितं करून घेतलं.