मोरूची मावशी, हैदराबादची

परवा हैदराबादला आत्याकडे जाणे झाले. आपल्या बिदर-भालकीकडच्या घरांना हे गाव परके नाही. १९५६ पर्यंत आपली राजधानीच ती! तिथल्या हौशी मंडळींनी अत्र्यांचे ‘मोरूची मावशी’ बसवले होते. दिवसभर नोकरी, रात्री तालीम. मूळ नाटक ‘चार्लीज आंट’, १८९२ सालचे इंग्रजी. पण अत्र्यांची मावशी पाहताना ते कोणाच्या ध्यानातही येत नाही.

आत्या वाटेतच म्हणाली, “माझ्यामागे या घरात मराठी नाटक कोण बघणार?” तिचा नातू तेलुगू, हिंदी, इंग्रजी बोलतो, मराठी कळते ती जेवणाच्या ताटापुरती. सभागृह हसले की हा विचारी, “क्या बोले, आजी?” ती सांगेपर्यंत पुढचा विनोद निघून जाई. मला आमचे घर आठवले. सौ. धारवाडकडची, लग्नानंतरची पहिली दोन-तीन नाटके तिने “एनंद्रु?” विचारतच काढली.

दुसऱ्या अंकात लग्नाची मागणी आली आणि मावशी वाक्यच विसरली. क्षणभर शांतता. मग लुगड्याचा पदर सावरत ती ओरडली, “नक्को मियाँ, नक्को!”

सगळ्यांच्या आधी हसला तो नातू. मग आत्या. मी त्याला म्हटले, “अरे, तुमच्या दखनीतले ‘नक्को’ आमच्या ‘नको’चेच.” त्याला ते खरे वाटेना.

परतताना रिक्षात मात्र तो पहिल्या अंकातले विनोद एकेक करून विचारू लागला. आत्या त्यातले निम्मे विसरली होती.