चंद्राच्या डोंगराचं घराणं

मुलांनो, आडनावावरून माणसाचं काम ओळखता येतं का? पूर्वी बऱ्याचदा यायचं. आता आमच्या शाळेच्या हजेरीपटात सुतार, कुंभार, लोहार अशी आडनावं आहेत. पण कुणाचे वडील रिक्षा चालवतात, तर कुणाची आई बँकेत आहे. नाव राहिलं, काम बदललं. यात वाईट काहीच नाही, बरं का! पण नाव आणि काम दोन्ही जपणाऱ्या एका घराविषयी मी वाचलं आणि ते तुम्हांला कधी सांगते असं झालं. हे घर आहे जपानमध्ये, तलवारी घडवणाऱ्या लोहारांचं.

घराण्याचं नाव गास्सान. गास्सान म्हणजे चंद्राचा डोंगर. जपानच्या उत्तरेकडे यामागाता भागात या नावाचा १,९८४ मीटर उंचीचा डोंगर खरोखरच आहे. त्याच्या परिसरात शेकडो वर्षांपूर्वी हे लोहार काम करत. त्यांच्या पात्यावर एकामागून एक लाटा याव्यात, तशी नक्षी दिसते. तिला म्हणतात आयासुगी. ती वरून कोरलेली नसते हं, पोलादाच्या अंगातच असते!

ती अंगात येते कुठून? त्यासाठी भट्टीपाशी जाऊ या. आधी काळी लोहवाळू आणि कोळसा मातीच्या मोठ्या भट्टीत तीन दिवस, तीन रात्री तापवतात. त्यातून जे पोलाद निघतं त्याचं नाव तामाहागाने. लोहार ते लालभडक तापवून, घणानं ठोकून पसरट करतो, मधोमध दुमडतो आणि पुन्हा ठोकून एकजीव करतो. असं साधारण दहा ते पंधरा वेळा.

हे मी वर्गात सांगितलं, तर एक मुलगा म्हणाला, "बाई, पंधराच घड्या? त्यात काय!" मग सगळ्यांना वहीचा एकेक कागद घ्यायला लावला. घाला घड्या! सातव्या घडीपाशी सगळी सेना थकली. मग फळ्यावर हिशेब मांडला. एका घडीला दोन थर, दोन घड्यांना चार, तीन घड्यांना आठ... दहा घड्यांना १,०२४ आणि पंधरा घड्यांना ३२,७६८ थर! वर्ग चिडीचूप. या थरांतूनच पात्यावरची नक्षी उमटते.

घडवून झालं, की पात्याला पाणी द्यायचं. त्याआधी पात्यावर माती लिंपतात. पाठीवर जाड, धारेवर पातळ. मग खोलीत अंधार करतात, कारण पातं किती तापलंय हे त्याच्या रंगावरूनच ओळखायचं असतं. पातं पाण्यात बुडालं, की पातळ मातीखालची धार झटकन निवते आणि कठीण होते. पाठ सावकाश निवते, म्हणून चिवट राहते. आणि गंमत म्हणजे जपानी तलवारीचा तो सुरेख बाकही बराचसा याच वेळी येतो.

आता खरी गोष्ट ऐका. एकोणिसाव्या शतकात या परंपरेतले सादायोशी ओसाका शहरात राहायला आले. त्यांनी एका मुलाला दत्तक घेतलं. त्याचं नाव सादाकाझु, जन्म १८३६ चा. जन्मानं तो गास्सान नव्हता. पण हात मात्र असा तयार केला, की घराण्याचं नाव त्यानंच गाजवलं.

ते सोपं नव्हतं. १८७६ मध्ये जपान सरकारनं हुकूम काढला, की सैन्य, पोलीस वगैरे सोडून कुणीही कमरेला तलवार लावायची नाही. झालं! गिऱ्हाईकच संपलं. कितीतरी लोहार सुऱ्या आणि अवजारं करू लागले. चाळिशीतल्या सादाकाझुंनी तलवार सोडली नाही. १९०६ मध्ये, सत्तराव्या वर्षी, त्यांना राजदरबाराचे कलाकार म्हणून मान मिळाला.

त्यांच्यानंतर मुलगा सादाकात्सु आणि नातू सादाइची यांनी भाता चालू ठेवला. पण १९४५ मध्ये जपान युद्ध हरला आणि तलवारी घडवण्यावरच बंदी आली. सादाइचींचा मुलगा सादातोशी जन्मला १९४६ मध्ये. म्हणजे ज्या घरात तो जन्मला, त्या घराचं कामच तेव्हा बंद! काही वर्षांनी परवानगी मिळाली, ती केवळ कलावस्तू म्हणून. सादाइची पुन्हा कामाला लागले. १९७१ मध्ये जपाननं त्यांना 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' म्हटलं. माणूस हाच ठेवा! पुढे सादातोशी आणि त्यांचा मुलगा सादानोबु हेही तलवारीच घडवू लागले.

आज तिथं लोहाराच्या मुलालाही आयता परवाना मिळत नाही. गुरूच्या हाताखाली निदान पाच वर्षं काढायची, मगच परवाना. सुरुवातीला काम काय, तर कोळसा ठरावीक आकाराचा फोडायचा आणि गुरूच्या तालावर समोरून घण मारायचा. या जोडीनं घण मारण्याला जपानीत आइझुची म्हणतात. आणि कुणी बोलत असताना आपण मध्ये मध्ये "हूं, हूं" करतो ना, त्यालाही तिथं हाच शब्द! शिकणं म्हणजे आधी नीट हुंकार देणं.

हे सगळं तुम्हांला का सांगितलं? दरवर्षी वर्गात कुणीतरी मान खाली घालून म्हणतंच, "बाई, आमच्या घरात कुणालाच गणित येत नाही, मला कुठून येणार?" त्याला मी आता सादाकाझुंची गोष्ट सांगते. लाटांची ती नक्षी रक्तातून आली असती, तर ती दत्तक मुलाच्या हातून उमटलीच नसती. ती आली घणाच्या घावांतून, रोज रोज.

तेव्हा, तुमच्या घरात गणित कुणालाच येत नसेल, तर मुळीच हिरमुसू नका. घराण्यात पहिला कुणीतरी असावाच लागतो. तो मान तुमचा!