चीक

भाचीने परवा एक डबा आणला. "मामा, इन्स्टंट खरवस. दूध घालायचं, वाफवायचं, झालं!" झाकण काढलं तर वेलदोड्याचा घमघमाट. फक्त वेलदोड्याचा. अहो, चिकाला मुळात गोठ्याचा एक उग्र वास असतो, तो दाबायला वेलची-जायफळ घालायचं. इथे दाबायला खाली काही नव्हतंच.

लग्नांत चायना ग्रासच्या थरथरत्या पांढऱ्या वड्या खरवस म्हणून वाढतात, त्यांच्यावर माझा जुना राग आहे. खऱ्या चिकात प्रथिनंच एवढी की तो नुसत्या वाफेवर थिजतो. उलट पहिल्या दिवसाचा चीक दूध घालून सैल केला नाही, तर वडी रबरासारखी होते. आणि चार-पाच दिवसांनी त्याच गाईचं दूध वाफवत बसा, काही जमायचं नाही.

वाईजवळच्या आमच्या गावी गाय व्याली की शेजारच्या काकू चिकाचा तांब्या घेऊन यायच्या. तो हातात घेण्याआधी आजी एकच विचारायची, "वासरू प्यालं?" काकू दर वेळी हो म्हणायच्या. मग गूळ, किसलेलं जायफळ, पातेलं मोठ्या टोपात, झाकणावर वरवंटा. आच जास्त झाली की वडीला जाळी पडायची आणि आजी दिवसभर धुसफुसायची. तांब्या रिकामा परत जायचा नाही, तळाशी मूठभर तांदूळ तरी असायचेच. एकदा तो द्यायला मी गेलो, तर वासरू खुंट्याला बांधलेलं, गाईच्या दिशेने दावं ताणून उभं. त्याच्या तोंडाला फेस होता की नव्हता? खरवसाची वाटी पुढे आली की मी हे आठवू बघतो. नाही आठवत.

विजयवाड्याला जुन्नू खाल्लं. आपला खरवसच, पण गुळाबरोबर चक्क मिरी! पहिल्या घासाला सगळ्या आंध्रावर रागावलो आणि मग दुसरी वाटी मागून घेतली. मिरी त्या वासाला दाबत नाही, उलट पुढे काढते.

गुरांच्या डॉक्टर असलेल्या एका मित्राने पुढे सांगितलं, की गाईच्या पोटात असताना वासराला प्रतिपिंडं मिळतच नाहीत. ती मिळतात चिकातून, आणि वासराचं आतडं ती शोषून घेतं फक्त पहिले २४ तास, त्यातही सुरुवातीच्या काही तासांत सर्वांत जास्त. आजीला यातलं काही ठाऊक असायचं कारण नव्हतं. प्रश्न मात्र नेमका होता.

मुंबईतले म्हशींचे तबेले शहराबाहेर न्यायला आरे कॉलनी उभी राहिली. ते काम दारा खुरोडींचं. त्यांना १९६३ साली वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कुरियन शाळकरी पोरांनाही माहीत, खुरोडींचं नाव कुणी काढत नाही. असो. सगळे तबेले काही गेले नाहीत, माझा चीक अशाच एका उरलेल्या तबेल्यातून यायचा. तिथल्या भय्याला एकदा मी आजीचा प्रश्न विचारला. किटलीत चीक ओतता ओतता तो म्हणाला, "पाडा था, साब."

रेडकाला शहरात कोण पोसणार, हे न सांगता कळण्याइतका मी तोवर मुंबईकर झालो होतो. पैसे दिले, किटली घेतली. चीक चांगला दाट होता, सव्वापट दूध लागलं. जाळीही पडली नाही.