दम लागला का जी?

इटियाडोहला येणारा माणूस सहसा धरणाच्या पाळीवर उभा राहतो, सांडव्याकडे पाठ करून फोटो काढतो, गरम भजी खातो आणि परततो. पावसाळ्यात धरण भरून वाहू लागलं की गोंदिया, भंडारा आणि गडचिरोली या तिन्ही जिल्ह्यांतली मंडळी दुचाकीवरून एवढ्यासाठी येतात. डिसेंबरात आमचाही बेत यापेक्षा मोठा नव्हता. त्यात प्रतापगडाचा डोंगर घुसला तो काकूंमुळे.

काकू म्हणजे माझ्या बायकोच्या काकू. अर्जुनी मोरगाव ही माझी सासुरवाडी. नागपूरहून नव्याने येणाऱ्याची इथे हमखास गल्लत होते, कारण अर्जुन्या दोन. सडक अर्जुनी महामार्गाजवळ आणि आमची अर्जुनी गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावर. ही लाइन १९९०च्या दशकापर्यंत छोटी होती. काकूंच्या लग्नाचं वऱ्हाड त्या छोट्या गाडीने आलं होतं आणि गाडी इतकी सावकाश चालायची की नवरदेवाचे मित्र मध्ये उतरून बोरं तोडून पुन्हा चढले, असं त्या सांगतात. त्यातलं बोरांचं कितपत खरं, ते काकाच जाणोत.

रात्री जेवताना काकू म्हणाल्या, "इटियाडोहले जाऊनच रायले तर माहादेवाले बी जाऊन येऊ. शिवरात्रीले लय गर्दी रायते." माझ्या लेकीने लगेच मान डोलावली. मेव्हण्याने गाडीत पाण्याची कॅन टाकली. मला कोणी विचारलं नाही, कारण जावयाला डोंगर चढता येतो हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. पन्नाशी ओलांडलेला, दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत बसणारा आणि दुसऱ्या मजल्यावर जायलाही लिफ्टची वाट पाहणारा हा जावई आहे, हे फक्त बायकोला ठाऊक होतं. ती गालात हसत भात वाढत राहिली.

प्रतापगड म्हटलं की मराठी माणूस साताऱ्यात पोहोचतो. १६५९, अफझलखान, वाघनखं. हा प्रतापगड त्यातला नव्हे. गोठणगावजवळचा हा डोंगर गोंडकाळातला म्हणून ओळखला जातो. एकेकाळी वर किल्ला होता, त्याच्या आता खुणा तेवढ्या राहिल्यात. शाळेच्या पुस्तकात त्याचा उल्लेख नाही आणि त्याचं त्याला काही वाटत असेल असं दिसत नाही, कारण महाशिवरात्रीला इथे माणसांचा पूर येतो. महादेवाचं स्थान आहे आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गाही आहे. यात्रेला आलेली बरीच मंडळी दोन्हीकडे माथा टेकवून जातात. त्याबद्दल कोणी भाषण करत नाही.

सकाळी निघालो तेव्हा बांध्यांवर धुकं होतं. धान कापून झालेलं, शेतात पुंजणे रचून ठेवलेले. रस्त्याला लागून असलेल्या एका खळ्यात थ्रेशर सुरू होता आणि त्याचा भुसा धुक्यात मिसळून गाडीच्या काचेवर बसत होता. पायथ्याशी गाडी लावली आणि मी वर पाहिलं. सह्याद्री पाहिलेल्याला हा डोंगर मुळीच उंच वाटणार नाही. पण सह्याद्री मीही पाहिलाय, बसच्या खिडकीतून.

सुरुवात मी जोरात केली. लेकीच्या मनगटावरचं घड्याळ पावलं, ठोके आणि चढ मोजत होतं आणि तिच्या बरोबरीने राहायचं असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. सागाची मोठाली वाळकी पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती. ऐन, धावडा, तेंदू मागे पडले. पहिल्याच वळणानंतर कानात ठोके वाजायला लागले, चष्म्यावर वाफ जमली आणि झाडांची नावं सुचेनाशी झाली. लेक म्हणाली, "बाबा, एकशे अडुसष्ट." तो आकडा माझ्या हृदयाच्या ठोक्यांचा होता, तिने घड्याळ माझ्या मनगटाला बांधून बघितलं होतं. २२० मधून वय वजा करून जी ढोबळ कमाल मर्यादा सांगतात, तिथवर मी पहिल्या टप्प्यातच येऊन ठेपलो होतो.

मागून काकू आल्या. वय सत्तरीच्या आसपास, नऊवारीचा काष्टा, पायात रबरी चप्पल. त्यांचं चढणं बघण्यासारखं होतं. सरळ चढायच्याच नाहीत. किंचित तिरपं, आधी या अंगाला मग त्या अंगाला, एका गुडघ्यावर हात आणि पूर्ण तळवा टेकल्याशिवाय दुसरा पाय उचलायचा नाही. तोंड मात्र अखंड चालू. शेजारच्या घरातली सोयरीक, मंडईच्या जत्रेत रात्री पाहिलेलं नाटक, वडशाहून आलेल्या नटीचा शालू.

"जवाईबापू, दम लागला का जी?"

मी हाताने नाही म्हणालो. तोंडाने म्हणता आलं नसतं.

"बसा. माहादेव काई पळून नाई चालला." मग स्वतःच दगडावर टेकत म्हणाल्या, "गोठी सांगत सांगत चढा. गोठ तुटली का समजाचं, पाय जास्त चालून रायले."

आता हे व्यायामशाळेतले प्रशिक्षकही सांगतात. चालताना पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर वेग झेपणारा आहे. दोन-तीन शब्दांत श्वास तुटला तर कमी करा. ते शिकायला लोक पैसे भरतात. काकूंना ते शिवरात्रीच्या पोह्यांनी शिकवलं असणार. पोहा म्हणजे एकत्र निघालेला महादेवाच्या भक्तांचा जथा. त्यात कडेवरचं पोर असतं, म्हातारा असतो, बाळंतपणातून नुकती उठलेली सून असते. त्यातलं कोणीच तंदुरुस्तीची तयारी करून आलेलं नसतं. पोहा सगळ्यात सावकाश चालणाऱ्याच्या चालीने चालतो आणि मध्येच 'हर बोला'चा गजर होतो. गजर करायला थांबावं लागतं आणि थांबलं की श्वास मिळतो. भक्तीत अशी सोय कोणी मुद्दाम केली असेल का, याचा विचार मी पुढच्या दोन थांब्यांवर केला. विचार करायला थांबे पुष्कळ होते.

विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक हिशेब मांडला होता, तो आजही डोंगरवाले वापरतात. तीन मैल सपाटीला एक तास आणि वर दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. लेकीने हा हिशेब लावून आम्ही किती वाजता वर पोहोचू ते आधीच सांगितलं होतं. ती वेळ केव्हाच टळली. नेस्मिथच्या सूत्रात जावई धरलेला नाही.

वर पोहोचल्यावर मी आधी देवाला नमस्कार केला, त्यात भक्तीइतकंच बसायला मिळाल्याचं समाधानही होतं. शेंदूर माखलेला दगड, त्याच्याभोवती नारळाच्या शेंड्यांचा पसारा, कोणीतरी रोवलेला छोटा त्रिशूळ. धुकं तोवर विरलं होतं. खाली इटियाडोहचं पाणी दिसलं.

पाळीवर उभं राहून ते एक मोठं तळं वाटतं. वरून कळतं की ते रानात शिरलेलं आहे, बोटं पसरून. गाढवी नदी अडवून बांधलेलं हे मातीचं धरण १९७० साली पूर्ण झालं. भिंतीची लांबी ५०५ मीटर, उंची पायापासून जेमतेम तीस मीटर. कोयना-जायकवाडीपुढे ही भिंत किरकोळच. पण तिने अडवलेल्या पाण्यावर अर्जुनी मोरगाव तालुक्याबरोबर भंडाऱ्यातला लाखांदूर आणि गडचिरोलीतल्या देसाईगंज, आरमोरी या भागांतली शेती उभी आहे. ज्या गावांना हे धरण कधी दिसतही नाही, तिथे रोवणीच्या दिवसांत 'इटियाडोहचं पाणी सुटलं का' हाच प्रश्न असतो.

धरणाच्या पलीकडे आणि अलीकडे आणखी पाणी चमकत होतं. लहान-लहान तुकडे, धानाच्या बांध्यांमध्ये. ते मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव आणि बोड्या, म्हणजे छोटी तळी. ही तळी धरणापेक्षा कितीतरी जुनी. पूर्व विदर्भात अशी सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तळी आहेत आणि त्यांतली बरीच कोहळी लोकांच्या हातची. गोंड राजांनी तळं बांधणाऱ्याला जमीन दिली आणि उताराचा अचूक अंदाज असलेल्या या समाजाने पाळी घातल्या. काकूंचं माहेर नवेगावबांधकडचं, कोहळ्यांचंच. तिथला अफाट तलाव कोलू पाटील कोहळी याने बांधला असं परंपरा सांगते. मारुती चितमपल्लींच्या 'नवेगावबांधचे दिवस'मुळे तो उर्वरित महाराष्ट्राला ठाऊक झाला. त्याआधीही तो होताच.

"ते पाहा," काकूंनी बोट दाखवलं, "धरनाले सांडवा हाये तसी आमच्या तरयाले सलंग रायते. अना पानी सोडाले तुडूम." तुडूम म्हणजे पाळीतून पाणी शेतात सोडायची जागा. ती टप्प्याटप्प्याने उघडायची, तळं उतरेल तसं. तुडूम कोणी, केव्हा, किती उघडायचा यावर गावातली भांडणं व्हायची आणि गावातच मिटायचीही. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांची पद्धत, गेली. ती जायलाच हवी होती, त्याबद्दल मला शंका नाही. पण मालगुजारासोबत तळ्याची देखभालही गेली आणि पाळी सरकारी झाल्या. गाळ साठत राहिला. त्यानंतर वीस वर्षांच्या आत खाली धरण उभं राहिलं. दोन्हींची गरज आहे. तरी धरणाला अभियंता मिळाला आणि तळ्याला कोणी वाली उरला नाही, हे वरून फार स्पष्ट दिसतं.

मेव्हण्याने आणखी एक वस्ती दाखवली. रंगीत पताका लावलेली, आखीव घरांची. नोर्गेलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत. १९५९ नंतर भारतात आलेल्या तिबेट्यांसाठी देशभर ज्या वसाहती झाल्या, त्यांतली ही १९७२ सालची, धरण झाल्यावर दोन वर्षांनी वसलेली. जगातल्या सगळ्यात उंच पठारावरची माणसं इथे, मे महिन्यात पंचेचाळीस अंशांना टेकणाऱ्या झाडीपट्टीत आणून बसवली आणि त्यांनी धान पिकवायला घेतलं. त्यांच्या दृष्टीने प्रतापगड हा डोंगर तरी असेल का?

उतरल्यावर तिथे गेलो तर वस्ती निम्मी रिकामी. म्हातारी माणसं आणि मुलं तेवढी. कर्ती मंडळी हिवाळ्यात स्वेटर विकायला शहरोशहरी जातात. माझ्या अंगात होता तो स्वेटर मी नागपूरच्या तिबेटी बाजारातूनच घेतलेला. ओट्यावर बसलेल्या आजीने तो पाहिला, मग माझं लंगडणं पाहिलं आणि स्वच्छ मराठीत विचारलं, "वर जाऊन आले?" मी हो म्हणालो. ती इतकी मनापासून हसली की बायकोलाही हसू आवरेना.

लंगडणं उतारामुळे. चढताना फुप्फुसं ओरडतात. उतरताना मांड्या गप्प राहून सगळं सोसतात आणि पुरा हिशेब दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मागतात. उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन रोखून धरतो, त्याने बारीक इजा होते आणि सवय नसलेल्याला ती जास्त. म्हणून काकू उतरतानाही तिरप्याच उतरत होत्या. मी सरळ उतरलो होतो.

संध्याकाळी मेव्हण्याने धरणावरच्या मासेमारांकडून झिंगे आणले. मी पाटावर बसलो खरा, पण उठताना दोघांनी काखेत हात घालून उठवलं. सासूबाई तेल गरम करून घेऊन आल्या आणि जावयाच्या पायाला हात कसा लावायचा म्हणून बाटली लेकीच्या हातात देऊन गेल्या. काकू भाताचा घास हातात धरून माझ्याकडे बघत होत्या.

"मंग जवाईबापू, शिवरात्रीले येसान ना जी?"

"येणार," लेक म्हणाली. "तोवर बाबा रोज नागपुरात सेमिनरी हिल्स चढणार आहेत."

मी नुसतं झिंग्याचं कालवण मागितलं.