डाव मोडणारा

म्हातारा विणकर मेला तो रविवार अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. दुपारचे साडेचार वाजले होते. पंखा गरम हवाच इकडून तिकडे फिरवत होता. टेबलावर कडक भाकरीचा चुरा, शेंगा चटणीची वाटी आणि सहा जणांच्या सहा वह्या. ही सहा मंडळी चार आठवडे एका भुयाराच्या मागावर होती. सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याच्या खंदकात शिरायचं आणि थेट एका बंद गिरणीच्या चिमणीखाली बाहेर पडायचं, असं ते भुयार. अर्थात माझ्या डोक्यातलं. त्याची वाट ठाऊक असलेला एकच माणूस उरला होता, पूर्व भागातला एक थकलेला हातमागवाला. तोही माझ्याच डोक्यातला.

त्याच्याशी बोलायला आमच्यातली बँकेतली ताई पुढं झाली होती. तीन महिने ती नेमानं येत होती, पण फाशावर पडलेला आकडा सांगण्यापलीकडं तिचा आवाज फारसा ऐकू आला नव्हता. तिचे आजोबा मागावर बसायचे. त्या दिवशी तिला सूर सापडला. खुर्ची जरा पुढं ओढून, तेलुगू वळणाच्या मराठीत ती म्हणाली, “तातय्या, धोटा आता हातात ठरत नसंल ना तुमच्या?” टेबल एकदम शांत झालं. मी म्हातारा होऊन उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात डावीकडून आवाज आला, “मी मागनं जातो अन् म्हाताऱ्याच्या गळ्यावर सुरी फिरवतो.” वीस बाजूंचा फासा तोवर गडगडत वाटीला जाऊन टेकलासुद्धा. एकोणीस.

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोन अमेरिकनांनी 1974 मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ बाजारात आणला. एका खोक्यात तीन पुस्तिका, एवढाच पसारा. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचं. पात्र काय करणार ते ज्यानं त्यानं ठरवायचं आणि जमेल की फसेल अशी शंका आली की फासा टाकायचा. भातुकलीला हिशेबाची वही जोडली तर जे होईल ते हे. इथं कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. गोष्ट पुढं जाते, एवढीच कमाई.

गोष्ट सांगणाऱ्याला इंग्रजीत डंजन मास्टर म्हणतात. आमच्या पोरांनी पहिल्याच दिवशी त्याचा ‘मास्तर’ केला आणि मला ते आवडलं, कारण सोलापुरात मास्तर शाळेबाहेरही असतात. संक्रांतीच्या यात्रेत सिद्धेश्वराचे सात नंदीध्वज निघतात. त्याचा सराव आधी कितीतरी दिवस चालतो आणि तो करून घेणारे मास्तर असतात. उंचच उंच काठीचा सगळा भार एकाच्या अंगावर असतो. आजूबाजूचे हात मोकळे, पण तयार. काठी दुसऱ्याच्या कमरेवर आणि तिच्या तोलाची काळजी मास्तराला. टेबलावरचं माझं कामही याच जातीचं आहे. त्या रविवारी काठी ताईच्या कमरेवर होती. कुणीतरी जाता जाता धक्का मारून गेला आणि मी बघत राहिलो.

धक्का मारणारा पोरगा विशीतला, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा. हुशार, हजरजबाबी. त्याचं पात्र चोराचं. सगळे त्याच्याकडं बघायला लागल्यावर त्यानं खांदे उडवले. “माझं पात्रच तसं आहे की मास्तर. तो चोर आहे. मी काय करू?”

हे वाक्य या खेळाइतकंच जुनं असावं. जगात जिथं जिथं हा खेळ मांडला जातो तिथं तिथं कुणीतरी ते म्हणतं. त्याला चटकन उत्तर देता येत नाही, कारण वरवर ते खेळाशी प्रामाणिक राहण्याचंच बोलणं असतं. मीही त्या दिवशी गप्प बसलो. म्हातारा मेला, अशी वहीत नोंद केली आणि भुयाराकडं जायचा दुसरा रस्ता तिथल्या तिथं रचून दिला.

पुढच्या तीन रविवारी मी जे केलं ते सांगायला आज लाज वाटते. गायगॅक्सनं 1979 साली मास्तरांसाठी एक जाडजूड मार्गदर्शक पुस्तक लिहिलं. त्रास देणाऱ्या खेळाडूंचं काय करावं, यावर त्यात एक छोटं प्रकरण आहे. अशा माणसाला सरळ बाहेर काढा, असं तो म्हणतोच. पण तेवढी वेळ येण्याआधीचे उपायही देतो: त्याच्या अंगावर जादा राक्षस सोडा, आकाशातून निळी वीज त्याच्या डोक्यावर पाडा, त्याच्या पात्राची मोहिनी एका गुणानं कायमची कमी करून टाका. मला हे पटलं. शिक्षा खेळातच झाली तर माणसाशी वाईटपणा यायचा नाही, असा माझा हिशेब होता. पहिल्या रविवारी चोराला विणकराच्या आत्म्यानं पछाडलं. दुसऱ्या रविवारी कोतवालानं त्याला बेड्या घातल्या. तिसऱ्या रविवारी तो विहिरीत पडला.

पोरगा खूश! आत्म्याशी त्यानं भांडण मांडलं, कोतवालाला गंडवलं, विहिरीतून वर येताना तर अर्धा तास टाळ्या घेतल्या. तीन रविवार अख्खी गोष्ट त्याच्याभोवती फिरत राहिली. मी त्याला शिक्षा करत होतो आणि तो नायक होत होता. बाकीचे पाच जण प्रेक्षक झाले. त्यातले चारच, खरं तर. ताईचा पहिल्या रविवारी निरोप आला होता, “आज घरी पाहुणे आलेत.” दुसऱ्या रविवारी पुन्हा पाहुणे. तिसऱ्या रविवारी बँकेत ऑडिट.

योहान हाइझिंगा नावाच्या डच इतिहासकारानं 1938 मध्ये ‘होमो लुडेन्स’ हे पुस्तक लिहिलं. त्यात त्यानं लबाडी करणारा आणि खेळ मोडणारा, असे दोन वेगळे इसम सांगितले आहेत. लबाड माणूस निदान खेळतोय असं दाखवतो. रेघ त्याला मान्य असते, फक्त तो चोरून ती ओलांडतो. खेळ मोडणारा रेघच पुसून टाकतो. म्हणून लोक लबाडाला एक वेळ सांभाळून घेतात, मोडणाऱ्याला नाही. हे कळायला आपल्याला डच पंडिताची गरज नव्हती. गल्लीत रडीचा डाव खेळणारा पोरगा सगळ्यांना चालायचा. त्याच्याशी भांडायचं, कट्टी करायची आणि दुसऱ्या दिवशी त्यालाच हाका मारायला जायचं. पण बाद झाल्यावर बॅट काखेत मारून घरी निघणारा वेगळा. तो गेला की उरलेली दहा पोरं नुसती उन्हात उभी.

माझा चोर रडी नव्हता. आकडा कधी खोटा सांगितला नाही, नियम तर माझ्यापेक्षा त्याला जास्त पाठ. म्हणूनच मला त्याचा दोष लवकर सापडला नाही. मी नियमात शोधत होतो आणि मोडलं होतं ते नियमाच्या वहीत नसलेलं काहीतरी. दुसरा बोलत असताना त्याला बोलू द्यायचं, एवढंच ते.

पण व्यत्यय आणणारा प्रत्येक जण डाव मोडणारा असतो का? तमाशातला सोंगाड्या बघा. सरदाराचं वाक्य तो कधी पुरं होऊ देत नाही. शब्दाचा भलताच अर्थ काढतो, मध्येच गावच्या पुढाऱ्यावर घसरतो, लोकांना पोट धरून हसवतो. बतावणी उभी राहते तीच मुळी त्याच्या आडवं येण्यावर. पण हसं ओसरलं की दोर तो पुन्हा सरदाराच्या हातात देतो. वाक्य मोडतो, वग मोडत नाही. आमच्या पोराकडं सोंगाड्याचं सगळं भांडवल होतं, फक्त दोर परत द्यायचं त्याला कुणी शिकवलं नव्हतं. शिकवायचं काम ज्याचं, तो मास्तर त्याच्यासाठी विहिरी खणत बसला होता.

तिसऱ्या रविवारनंतर त्याला एकट्याला पार्क चौकात चहाला बोलावलं. चारचौघांत बोललो असतो तर तो विनोद करून सुटला असता, हे एव्हाना कळलं होतं. चहा येईपर्यंत परीक्षा, कॉलेज असलं काहीबाही झालं. मग मी विचारलं, “म्हाताऱ्याला का मारलंस बे?”

“चोर आहे ना मास्तर तो.”

“चोराला कुणी लिहिलं?”

तो हसला. “मीच.”

“मग तो असा का वागतो ते मला त्याच्याकडून नको, तुझ्याकडून ऐकायचंय.”

बराच वेळ त्यानं कपातला चहा नुसता फिरवला. मग म्हणाला, “खरं सांगू? माझा नंबरच येत नाही. ते दोघं बोलायलेत, तुम्ही बोलायलात, मी तासभर फासा हातात धरून बसायलोय. काहीतरी केलं तरच तुम्ही माझ्याकडं बघता.”

मला वाटलं होतं तो माफी मागेल. त्यानं हिशेब मागितला, आणि तो बरोबर होता. पुढच्या रविवारी मी मोबाइलवर गुपचूप वेळ मोजली. आमची बैठक तीन तासांची, म्हणजे 180 मिनिटं. सहा जणांत वाटली तर प्रत्येकाला 30. गोष्ट सांगताना मीच 70 मिनिटं खाल्ली होती. दोन बोलक्या मित्रांनी मिळून तेवढीच. उरलेल्या चौघांच्या वाट्याला दहा-दहा मिनिटंही आली नव्हती. चौघांपैकी एकानं दंगा केला म्हणून तो मला दिसला. गप्प बसले ते दिसले नाहीत.

पण त्याचं गाऱ्हाणं खरं होतं म्हणून त्याचं वागणं बरोबर ठरत नाही. चहाच्या टेबलावर हे दोन्ही त्याला सांगितलं. “तुझा नंबर लावायचं काम माझं, ते मी चुकलो. पण तू वेळ माझ्याकडून घेतला नाहीस, ताईकडून घेतलास. तिनं तीन महिन्यांत पहिल्यांदा तोंड उघडलं होतं.” त्याला हे खरंच सुचलं नव्हतं. तो मान खाली घालून बसला. “ते माझ्या ध्यानातच आलं नाही मास्तर,” एवढंच म्हणाला.

त्यानंतर आमच्यात काही गोष्टी बदलल्या. नवी गोष्ट सुरू करण्याआधी फासे पिशवीत ठेवून एक बैठक घ्यायची आणि काय चालेल, काय चालणार नाही ते आधी बोलून घ्यायचं. परदेशात याला शून्यावी बैठक म्हणतात. मास्तरानं ‘टाक’ म्हटल्याशिवाय पडलेला फासा धरायचा नाही. दुसऱ्याचं संभाषण चालू असताना हत्यार काढायचं असेल तर पात्राला नाही, त्या माणसाला विचारायचं. आणि कुणालाही नकोसं झालं तर गोष्ट थांबवायची. जॉन स्टॅव्हरोपोलस या अमेरिकी खेळाडूनं यासाठी फुलीचं एक कार्ड टेबलाच्या मध्ये ठेवायची पद्धत काढली. नुसतं बोट टेकवायचं, कारण सांगायचं नाही. आम्हाला कार्ड लागलं नाही. अंगठा वर करून ‘टाइम प्लीज’ म्हणायचं, हे आम्हा सगळ्यांना सहाव्या वर्षापासून येत होतं. पकडापकडीत त्या दोन शब्दांपुढं ज्याच्यावर राज्य असतं तोसुद्धा थांबायचा.

सगळीच माणसं चहानं वळत नाहीत. पुढं एकदा एक जण पात्राच्या आडून टेबलावरच्या एका मुलीला नको ते बोलत राहिला. तिनं अंगठा वर केला, तो हसला. त्याचा हिशेब मी मागितला नाही, नंबर किती वेळा आला तेही मोजलं नाही. त्याच संध्याकाळी फोन केला आणि पुढच्या रविवारी येऊ नको, असं सांगितलं. कंटाळलेला माणूस आणि दुसऱ्याला दुखवण्यातच ज्याची करमणूक आहे असा माणूस, हे दोघं टेबलावर सारखेच दिसतात. फरक कळायला एकदा खेळाबाहेर, स्वतःच्या नावानं बोलावं लागतं. आकाशातल्या विजेला तो फरक कळत नाही.

म्हाताऱ्याला मी परत जिवंत केलं नाही. त्याचा माग आता गोष्टीत त्याची नात चालवते आणि चोराला बघितलं की धोटा थांबवते. ते चोराला सोसावं लागतं, आणि पोरगं ते फार छान सोसतं. अलीकडं तो दुसऱ्याचं वाक्य तोडतो आणि लगेच म्हणतो, “हां ताई, तू काय म्हणत होतीस?” ताई परत आली, पण चौथ्या रविवारी. तिच्या येण्याला कारण तिचे पाहुणे जाणं नव्हतं, माझा फोन होता, आणि तो करायला मी तीन आठवडे लावले होते. दंगा करणाऱ्याच्या मागं लागण्यात माझे तीन रविवार गेले, उठून गेलेल्या माणसासाठी तीन मिनिटं मिळाली नाहीत.

तेव्हा तुम्ही टेबलाभोवती माणसं जमवत असाल, मग ती फासे टाकायला असोत, भजनाला असोत की नाटकाच्या तालमीला, एवढं ध्यानात ठेवा. कुणाकडं सलग दोन रविवार पाहुणे आले, तर त्याच दिवशी फोन करा. पाहुण्यांची चौकशी करू नका.